लेकीला सुट्टी

नवरा गेल्यापासून तिच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. परमुलखातल्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करायची. आता हात चालेनात. शेवटी मुकादमबाईंनीच सांगितलं, "आधी बरी हो, मग ये."

लेक तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांची भाषा आईला येत नव्हती आणि आईची डॉक्टरांना. मधे लेक.

"कशातच जीव लागत नाही गं," आई म्हणायची. "घास घशाखाली उतरत नाही, रात्री डोळा लागत नाही. आतून सगळं कालवतं."

"छातीत दुखतं, भूक नाही," लेक डॉक्टरांना सांगायची.

ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल.

"मी एवढं बोलले आणि तू दोन शब्दांत उरकलंस?" बाहेर आल्यावर आईने विचारलं.

"त्यांना वेळ नसतो, आई."

खरं कारण वेगळं होतं. आई रोज सकाळी बाथरूमच्या बंद दाराशी टॉवेल घेऊन उभी राहते, हे लेकीने पाहिलं होतं. आत कुणीच नसायचं. डॉक्टरांना कळलं तर आईला वेडी ठरवतील, या धास्तीने ती सगळं गाळून सांगत होती.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना जिन्याखालच्या एका खोलीत पाठवलं. तिथे नव्याने आलेल्या समुपदेशक बाई चक्क आईच्या भाषेत म्हणाल्या, "या काकू, बसा." मग लेकीकडे वळल्या. "तू बाहेर बस. आज तुला सुट्टी."

"मी नसले तर ती तोंड उघडणार नाही."

"न उघडू दे. आम्ही नुसत्या बसू."

आई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. बाईंनी 'उदास वाटतं का' वगैरे काही विचारलं नाही. "घरी कोण कोण असतं?" एवढंच विचारलं.

"मी, लेक आणि..." आई अडखळली. मग बांध फुटला. नवरा आंघोळ करताना खोकायचा. तो खोकला अजून ऐकू येतो, हात आपोआप टॉवेलकडे जातो. "पोरीसमोर कसं बोलू? तिने डोळ्यातून टिपूस काढलं नाही. मीच मोडले तर तिने कुणाकडे बघायचं? मला वेड लागतंय का हो?"

"नाही काकू. जवळचं माणूस गेलं की पुष्कळांना असं होतं. पण अन्न जात नाही, झोप उडालीय, त्याच्यावर उपचार हवा. आपण दर आठवड्याला भेटू."

"लेकीला तुम्ही सांगाल?"

"म्हणजे मधे पुन्हा तिसरं माणूस आलंच की! तुम्हीच सांगा."

आईने लेकीला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. लेक ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी अजून बाबांचा नंबर लावते. बंद लागतो." आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली.

"अगं वेडे, मग बोलायचं नाही का!" आई म्हणाली, आणि हा शब्द आपण कुठल्या खोलीत उच्चारला हे लक्षात येऊन भर रडण्यात तिलाच हसू फुटलं.

उपचार चालू राहिला. जेवण हळूहळू सुधारलं. काही सकाळी वाईट जायच्या, पण आता ती तसं लेकीला सांगायची. पुढे ती कामावर परतली, आधी अर्धा दिवस. शेजारच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी मैत्रीण एकदा म्हणाली, "माझंही डोकं कायम बधिर असतं गं. डॉक्टर म्हणतात, काही नाही."

"आमच्या दवाखान्यात एक बाई आहेत," आई म्हणाली. "आपल्यासारखं बोलतात. चल, मी येते सोबत."

पुढच्या सुट्टीला दोघी मिळून निघाल्या.