शंभर तासांचा खड्डा

मी एक जुनी कुदळ आहे. बागेच्या मागच्या बाजूला पत्र्याची खोली आहे, तिथे पाण्याच्या नळीच्या वेटोळ्याशेजारी भिंतीला टेकून उभी असते. मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. पातं झिजून निम्मं झालंय, दांडाही तिसरा आहे, पण अजून डुगडुगत नाही हो.

लोहाराने मला लाल तापवून ऐरणीवर ठोकलं, तेव्हा मी कसली तोऱ्यात होते! माळीकाकांनी दहा कुदळी हातात तोलून पाहिल्या आणि मला उचललं. पंधरा वर्षं आम्ही दोघांनी ही बाग उभी केली. कुंपणाची रांग, तळ्याकडचे वाफे, बाकांमागची झाडं, सगळे खड्डे माझेच. संध्याकाळी काका मला धुऊन, पुसून, तेलाचा बोळा फिरवून ठेवायचे. घरच्या माणसासारखं जपायचे.

मग मोठ्या कॉलेजांच्या अर्जात एक नवा रकाना आला, समाजसेवेचे तास. झालं! तेव्हापासून प्रवेशाचे दिवस आले की बागेत मुलांची रीघ लागते. बागेचे साहेब काकांकडून सकाळीच एक खड्डा खणून घेतात. मुलं येतात, मला हातात धरून फोटो काढतात, रोप खड्ड्यात ठेवतात आणि जातात. ती गेली, की काका तेच रोप उपसून पुढच्यासाठी तयार ठेवतात. एका हंगामात एकच रोप चाळीस जणांनी लावलं. शेवटी बिचाऱ्याने मान टाकली. दाखल्याचा कागद मात्र चाळीसच्या चाळीस जणांना मिळाला, शंभर तासांचा. सही आणि शिक्का काकांचा.

रांगेत आईबापांच्या गप्पा चालतात. कुणाला किती टक्के, कुणाची किती पदकं, कुणाचा मुलगा कुणाच्या पुढे. मुलं मान खाली घालून बुटाने माती उकरत असतात. मला त्यांचीही दयाच येते.

गेल्या वर्षी काकांच्या लेकीचाच अर्ज होता. ही पोर फोटोवाली नव्हे. दर रविवारी मला घेऊन रोपवाटिकेमागे खणायची. तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर घट्टे पडले. तास वहीत लिहून ठेवायची. एकतीस भरले. तिकडे तिच्या आत्याच्या मुलाने एका फोटोवर शंभर नेले होते, आणि आत्या रोज फोन करून विचारायची, हिचे किती झाले? फोन वाजला की पोर ताटावरून उठून जाते, असं काका रखवालदाराला सांगत होते.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ती पत्र्याच्या खोलीत आली. काकांनी तिच्या कागदावर लिहिलं, एकतीस. तिने तो पुन्हा एकदा वाचला.

"बाबा, जगाला शंभर आणि मला एकतीस?"

"तेवढेच खणलेस ना, बाळा."

"आणि त्यांनी किती खणलं? खोटं सगळ्यांना वाटलंत, खरं तेवढं माझ्या वाट्याला ठेवलंत."

काकांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "नोकरी जाईल म्हणून सह्या करत गेलो. चुकलं माझं. पण तुलाही खोटंच दिलं, तर तुझ्या तोंडाकडे बघू कसा?"

तिने कागदाची घडी केली. साहेबांची खोली शेजारीच होती. तिथे मागितले असते, तर हसत हसत शंभर मिळाले असते. त्या दाराशी ती थोडा वेळ घुटमळली, मग फाटकाकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी काकांनी साहेबांना सांगून टाकलं, यापुढे जो खणेल त्याचेच तास लिहीन. साहेब रागावले नाहीत. त्यांनी शिक्का काढून घेतला आणि काकांना फाटकावर राखणीला बसवलं. आता सही दुसरा माणूस करतो. फोटोसाठी रंगवलेल्या दांड्याची नवी कुदळ आणली आहे. मी इथे गंजत पडले आहे. बदललं काय, तर एवढंच.

लेकीचं नाव मोठ्या कॉलेजच्या यादीत लागलं नाही. आत्याच्या मुलाचं लागलं. आत्याचा फोन आला, तेव्हा पोर काकांचा डबा फाटकावर देऊन मला बघायला इथे आली होती.

"त्याला अभिनंदन सांग, आत्या," ती म्हणाली. "माझे एकतीसच होते गं. पण माझे होते."

फोन ठेवला आणि मग मात्र ती हमसून हमसून रडली. आता ती लांबच्या, साध्या कॉलेजात जाते.

मित्रांनो, खणून मी कधी दमले नाही. फोटोत उभी राहून दमले. उद्या तुमच्याही अर्जात तो रकाना येईल, आणि शेजारच्याने किती लिहिले ते कुणीतरी तुमच्या कानाशी सांगेल. वाईट वाटेल, रडूही येईल. येऊ द्या. पण तुमच्या हातांनी केलं असेल तेवढंच लिहा. आणि कधी या बागेत आलात, तर मला बाहेर काढा, गंज घासा आणि एक खड्डा खराखुरा खणा. मी फार थकले आहे, पण तेवढ्याला नाही म्हणणार नाही.