हाकेचं माप

माणसाचा आवाज जिथवर पोचतो, तिथवर त्याचं राज्य असतं.

हे वाक्य मी सुब्राय हेगड्यांच्या ओसरीवर, पान जुळवता जुळवता, बऱ्यापैकी भारदस्त सुरात म्हटलं. आतून माझी बायको नागवेणी म्हणाली, "म्हणजे तुमचं राज्य न्हाणीघराच्या दारापर्यंत. आतून पंचा मागता, ते मागच्या पडवीतसुद्धा ऐकू येत नाही."

एरवी सगळे हसले असते. त्या सकाळी कोणी हसलं नाही, कारण सुब्रायाचे कपडे भरलेली बॅग मुलाच्या गाडीच्या डिकीत जाऊन पडली होती.

सुब्राय म्हणजे नागवेणीचा थोरला भाऊ. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. आमच्या या शिरसीकडच्या डोंगरांत घराला घर लागून नसतंच. एका टेकडीवर एक घर, खाली सुपारीची बाग, आणि पलीकडच्या टेकडीवर दुसरं घर. सुब्रायाच्या समोरचं घर तिमण्णा भटाचं. मधे फक्त दरी आणि चार वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण सुब्रायाचा आवाज. तिमण्णाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला आम्ही शेजारी बसलो होतो. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे 'भाव' म्हणतात; सुब्राय माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "भावा, हे सार प्यायचं की यात हात धुवायचे?" सुब्रायाचं हळूच म्हणजे इतरांची दवंडी. व्याह्यांच्या पंगतीतली माणसं पानावरून मान वर करून बघू लागली. तेव्हापासून तिमण्णानं या घराचा उंबरा ओलांडला नाही.

गेल्या महिन्यात सुब्राय बागेत घसरून पडला. पाय मुरगळला. त्यानं दोन हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, आणि दुपारी कामाला आलेल्या भद्रानं उचलेपर्यंत तो पाटाच्या कडेला पडून राहिला. हे बंगळूरला कळलं आणि मुलगा गाडी घेऊन हजर झाला. मुलाचं नाव प्रसन्न. नाव ठेवताना कोणी चेहरा पाहिला नसावा.

"तिसरी हाक का नाही मारलीत, अप्पय्या?" प्रसन्न विचारत होता.

"पाय मुरगळला होता. मेलो नव्हतो."

आमच्याकडे पहिली हाक म्हणजे 'आहेस का?' दुसरी म्हणजे 'जरा ये, काम आहे.' या दोन ऐकून न ऐकल्यासारख्या करता येतात. पण लागोपाठ तिसरी आली की समजायचं, त्या घरात मरण आहे नाहीतर आग. मग हातातलं टाकून धावायचं, वैर असलं तरी. आणि ती उगाच मारायची नाही. आमच्या ईश्वर हेगड्यानं एकदा हरवलेल्या म्हशीसाठी तिसरी हाक मारली होती. तो मरेपर्यंत लोक त्याला भेटले की आधी म्हशीची प्रकृती विचारत.

"तुम्ही म्हणता तिमण्णाकाकांचं घर कूगळतेवर आहे," प्रसन्न म्हणाला. "मी फोनवर मोजलं. सरळ रेषेत अर्धा किलोमीटरही नाही. मग त्या दिवशी कोण आलं?"

इथे मला बोलायला जागा सापडली. मी सांगितलं की कूगु म्हणजे हाक आणि अळते म्हणजे माप. कूगळते म्हणजे हाकेनं मोजलेलं अंतर. आणि ही काही आपली खेडवळ कल्पना नव्हे. संस्कृतातला क्रोश, ज्याचा पुढे कोस झाला, तोही मुळात ओरडण्यातूनच आला. सगळा देश एके काळी घशानं मोजलेला आहे.

"मावा," आत्याच्या नवऱ्याला म्हणायचं तसं मला म्हणत प्रसन्न शांतपणे बोलला, "अप्पय्या चिखलात पडले होते तेव्हा हे संस्कृत कुठे होतं?"

मी पान तोंडात टाकलं.

मग सुब्राय बोलला. "भावा, तूही चुकतोस. आणि प्रसन्ना, तुझा फोनही चुकतो रे. हाक जाते तेवढं अंतर म्हणजे कूगळते नव्हे. कोल्ह्याचीही हाक जाते. जिथून ओ येते, तेवढं अंतर म्हणजे कूगळते."

"ठरलं तर," प्रसन्न म्हणाला. "आत्ता हाक मारा. तीन वेळा. समोरून ओ आली तर बॅग मी स्वतः खाली काढतो. नाही आली तर जेवून निघायचं. आणि पुन्हा यायचं ते फक्त सणाला."

"अण्णा, नको रे," नागवेणी दारात आली. "तो भट हट्टी आहे. आणि तू सकाळपासून उपाशी आहेस."

"असू दे," सुब्राय म्हणाला. "मीही आहे. आणि भरल्या पोटी हाक लांब जात नाही."

तो अंगणाच्या कडेला गेला. धोतर सावरलं, दोन्ही पंजे तोंडाशी धरले आणि साद घातली. "कूऽऽऽ!" आवाज दरीत उतरला, सुपारीच्या शेंड्यांवरून गेला आणि पलीकडच्या कौलांवर आपटून परत आला. पण तो त्याचाच होता.

तिमण्णाच्या घरातून धूर निघत होता. अंगणात पांढरा पंचा वाळत होता. माणूस घरात होता.

दुसरी हाक पहिलीपेक्षा लांब होती. शेवटी घसा फाटला. समोरच्या अंगणात काहीतरी हललं. नागवेणीनं माझा दंड धरला. ते कुत्रं होतं. ते आळस देऊन पुन्हा निजलं.

"तिसरी," प्रसन्न म्हणाला.

सुब्राय वळला. "तिसरी नाही."

"तीन ठरल्या होत्या."

"तू ठरवल्यास. बंगळूरात राहून विसरलास. घरात प्रेत नाही, आग नाही, आणि मी तिसरी हाक मारू? पैजेसाठी?" तो पायरीशी आला. "हरलो. पान वाढ, नागू. जेवून निघू."

प्रसन्न जिंकला होता आणि जिंकलेल्या माणसासारखा मुळीच दिसत नव्हता. तेवढ्यात सुब्राय पायरीवर बसला. बसला म्हणजे खाली गेला. चेहरा चुन्यासारखा पांढरा, कपाळावर घाम, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. सुब्रायाला आवाज नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

"अण्णा!" नागवेणी ओरडली.

प्रसन्ननं फोन काढला. इथे फोन लागत नाही हे तो सकाळपासून आम्हाला ऐकवत होता. आता स्वतःच विसरला. हात उंच धरून अंगणभर फिरू लागला. "गाडीत घालतो! धरा, मावा, धरा!" मी धरलं, मला ते ओझं उचलेना. त्यालाही उचलेना. सुब्राय अंगानंही आवाजासारखाच आहे.

मी मदतीसाठी ओरडलो. गोठ्यातल्या गाईनं मान वळवून पाहिलं.

मग प्रसन्ननं फोन टाकला. अंगणाच्या कडेला धावला, पंजे तोंडाशी धरले. पहिली हाक नुसतीच खरखरली. दुसरी निघाली. आणि तिसरी, दुसरीचा शेवट हवेत असतानाच, अशी गेली की गोठ्यातली गाय दावं ताणून मागे सरली.

क्षणभर काहीच नाही. मग समोरून, "ओऽऽ!" खालच्या बागेतून, "ओऽऽ!" डाव्या टेकडीवरून बाईचा आवाज, आणि त्याच्याही मागून, जिथे घर आहे हे मला माहीतच नव्हतं तिथून, बारीक, "ओऽऽ!"

नागवेणी भावाचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती. प्रसन्न बापाचा हात घट्ट धरून दरीकडे बघत होता. झाडीत पाचोळा वाजू लागला.

पहिला पोचला भद्रा, कोयता घेऊन. मग डावीकडची मंजक्का, घागर घेऊन, आग असेल तर म्हणून. एक जण बांबू आणि सुंभाची दोरी घेऊन आला. त्यानं सुब्रायाचे डोळे उघडे पाहिले आणि बांबू हळूच गोठ्यामागे ठेवला.

आणि चढणीवरून तिमण्णा भट. चार वर्षांनी. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस वाळलेला. तो पायरीशी बसला, नाडी बघितली, पापणी वर केली.

"यानं सकाळपासून खाल्लंय काय?"

"काही नाही," नागवेणी म्हणाली. "भरल्या पोटी हाक लांब जात नाही म्हणाला."

"शहाणा आहे. गूळ आण. पाणी आण."

गुळाचा खडा आत गेला. पाणी गेलं. बऱ्याच वेळानं चेहऱ्यावर रंग आला. सुब्रायानं डोळे नीट उघडले आणि समोर फेसाचा गाल पाहिला.

"पहिल्या दोन ऐकल्यास?" आवाज घोगरा झाला होता.

"ऐकल्या. म्हटलं, याचं मीठ संपलं असेल. राहू दे अळणी." तिमण्णानं प्रसन्नकडे पाहिलं. "नंतरच्या तुझ्या ना रे? रेडा कापताहेत वाटलं. पण मोजल्या. तीन होत्या."

प्रसन्न उठला. गाडीशी गेला, डिकी उघडली, बॅग काढली आणि आमच्यामधून वाट काढत आत नेऊन ठेवली.

चार वर्षांनंतर दोघं एका पायरीवर बसले होते. आता यांच्यातलं कोणीतरी काहीतरी मोठं बोलणार, म्हणून मी पानसुद्धा थुंकलं नाही. तिमण्णानं घसा साफ केला.

"नागवेणी," तो म्हणाला, "तांब्याभर गरम पाणी देतेस? आणि सुब्रायाचा वस्तरा. राहिलेला गाल करून घेतो."