पलीकडे राहिलेली चौथी पट्टी

मुकद्दसच्या थोरल्या नातवाला पाळण्यात घालायचा सोहळा झाला, त्याच वर्षी, २०१० साली, दोन देशांमधल्या सरहद्दीचा दरवाजा बंद झाला. सोहळ्याला तिची धाकटी बहीण सलोमत पलीकडच्या पंजिकेंतहून आली होती. जाताना नव्या सुझनीची, म्हणजे भिंतीवर टांगायच्या भरतकामाच्या मोठ्या कापडाची, चौथी पट्टी भरायला घेऊन गेली. मुकद्दसच्या उर्गुतहून पंजिकेंत म्हणजे गाडीनं तासाभराची वाट. पण सलोमत तिकडे राहिली आणि मुकद्दस इकडे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, सरहद्द मोकळी असताना, सरकारी भरतकामाचा कारखाना बंद पडला तेव्हा दोघी एकदमच घरी बसल्या होत्या. मग मुकद्दसच्या ओसरीवर त्यांनी उशांचे अभ्रे भरायला घेतले. अभ्र्यांवरून पडदे, पडद्यांवरून पलंगपोस, पुढे यंत्रं आली, सत्तर बायका कामाला लागल्या. कंपनीचं नाव मात्र तेच, ‘ओपा-सिंगिल’, म्हणजे थोरली-धाकटी.

मोठी सुझनी अजून जुन्या रीतीनंच व्हायची. चार पट्ट्या कच्च्या टाक्यानं जोडायच्या, वेलबुट्टी एकाच बाईनं रेखायची, मग पट्ट्या उसवून चार घरी भरायला वाटायच्या. परत जोडल्यावर फुलाचा एक अर्धा भाग दुसऱ्याला नीट भिडत नसे. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. कुठली पट्टी कुणाची, ते त्यावरूनच कळायचं.

सलोमतकडे पट्टी गेलेली ही सुझनी कंपनीच्या दर्शनी भिंतीसाठी होती. तीन पट्ट्या मुकद्दसच्या पेटीत पडून होत्या.

ती फोनवर विचारायची, “झाली का गं?”

“कधीच झाली, ओपा. पण पाठवणार नाही. भांडायला ये, मग देते.”

“येते. दरवाजा उघडू दे, तुझ्या झिंज्या धरते.”



दरवाजा बंद झाल्याच्या सहाव्या वर्षी ताश्कंदहून मोठं गिऱ्हाईक येणार होतं. कारभार आता तिची लेक मोहिगुल पाहायची. तिनं आईला न विचारता कारखान्यातल्या सगळ्यात तरबेज बाईकडून चौथी पट्टी भरून घेतली आणि सुझनी भिंतीवर लावली.

“बघ ओयी, किती छान जुळलीय!”

मुकद्दसनं जोडावर बोट फिरवलं. “तेच तर. सलोमतचा टाका इतका शहाणा कधी नव्हता.” तिनं कात्री मागवली आणि तिथंच उभ्यानं पट्टी उसवली.

“पाहुणे काय म्हणतील, ओयी? एवढी मोठी कंपनी आणि भिंत उघडी?”

“म्हणू देत. दारावरचं नाव वाचता येतं ना त्यांना? त्यातली धाकटी कुठंय, विचारलं तर सांग.”

२०१८ च्या वसंतात दरवाजा उघडला. दुसऱ्याच दिवशी मुकद्दस तीन पट्ट्या आणि गरम रोट्या बांधून निघाली. सलोमत अंगणातल्या खाटेवर बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली, पण भलतीकडेच.

“कोण?”

मुकद्दसनं बहिणीचा हात धरून आपल्या गालावर ठेवला.

“ओपा! अगं, किती सुरकुतलीस!”

“तुला कसं कळलं, आंधळे?”

दोघी हसल्या, मग रडल्या. पट्टी निघाली. अर्धी भरलेली, पुढं वीतभर टाके वेडेवाकडे, आणि मग नुसत्या रेघा.

“झाली म्हणत होतीस ना?”

“चार वर्षं झाली दिसेनासं होऊन. तसं सांगितलं असतं तर तू दुसरीला दिली असतीस.”

“एवढंच ओळखलंस होय मला?”

मुकद्दसनं सुईत दोरा ओवला आणि बहिणीच्या बोटांत दिला. सलोमत चाचपत टाका घालू लागली. चुकला तर मुकद्दस सांगे, “डावीकडे. आणखी डावीकडे, गाढवे.” संध्याकाळपर्यंत वेलीचं एक पान झालं.

निघताना सलोमत पट्टीची घडी करू लागली. “घेऊन जा. मोहिगुलला म्हणावं, कुणाकडून तरी पुरी करून घे.”

“राहू दे इथंच,” मुकद्दस म्हणाली. “मी येत्या गुरुवारी येते. दोरा संपला तर फोन कर.”

त्यानंतर ती दर गुरुवारी जात राहिली. पट्टी सलोमतच्या घरीच राहिली आणि कंपनीची भिंत तशीच उघडी.

सलोमत २०१९ च्या नोव्हेंबरात, एकाहत्तराव्या वर्षी, पंजिकेंतला आपल्या घरी वारली.