झोपमोड

मुलाने तिकीट काढताना हे विमान मुद्दाम निवडलं होतं. मधल्या मोठ्या शहरात साडेसात तास थांबायचं, मग पुढचं विमान.

"बाबा, विमानतळावर बाकावर पेंगत बसू नका," त्याने फोनवर बजावलं होतं. "टिटवीकडे जाऊन या, मी तिला कळवलंय. साडेसात तास आहेत, त्यांचं सोनं करा. एकदा इकडे आलात की पुन्हा कधी जाल, देव जाणे."

भट्टीवाले घर रिकामं करून, किल्ल्या सोपवून कायमचे मुलाकडे निघाले होते. वय त्र्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं.

काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं रात्रपाळी केली म्हणून आळीत सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. सकाळी ते घरी येऊन आडवे झाले की घर मुकं व्हायचं. बायकोने दारावरच्या घंटीत कापूस कोंबला होता. भांडी ओल्या फडक्यावर पालथी घालायची. मुलं भांडायची तीसुद्धा खुणांनी. धाकट्या लेकीचा आवाज मोठा, म्हणून तर ती टिटवी. ती बिचारी पाढे म्हणायला जिन्यात जाऊन बसायची. पाळीवरून आलेल्या माणसाची झोप मोडायची नाही, हा त्या घरातला एकच कायदा होता आणि तो सगळ्यांच्या अंगात पार मुरलेला होता.

त्याच कायद्याने पुढे घात केला. टिटवी नर्स झाली, या मोठ्या शहरातल्या इस्पितळात लागली आणि तिच्याही वाट्याला रात्रपाळी आली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नऊच्या सुमारास तिच्या आईची तब्येत अचानक बिघडली. "टिटवीला बोलवा," एवढं ती स्पष्ट म्हणाली. भट्टीवाल्यांनी फोन हातात घेतला, घड्याळाकडे पाहिलं आणि ठरवलं, आत्ता कुठे पोरीचा डोळा लागला असेल, उठली की सांगू. सांगितलं ते दुपारी चारला. तोवर त्या दिवशीचं विमान निघून गेलं होतं, आणि संध्याकाळी आईही गेली.

दुसऱ्या दिवशी पोचलेल्या लेकीने आकांत केला असता तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "नऊ ते चार तुम्ही काय करत होतात, बाबा?" त्यानंतर बाप-लेकीची ख्यालीखुशाली एकमेकांना कळायची ती भावाकडून.

तेव्हा साडेसात तासांत भट्टीवाल्यांना शहर बघायचं नव्हतं, काही घ्यायचं नव्हतं. लेकीसमोर बसून "बाळा, माझं चुकलं" एवढं म्हणायचं होतं. विमानात त्यांनी ते तीन शब्द पुटपुटत इतक्यांदा घोकले की शेजारच्या बाईंना वाटलं, यांना उलटीबिलटी होतेय. त्यांनी कागदी पिशवी पुढे केली.

विमानतळाबाहेर पडून, मेट्रोच्या दोन गाड्या बदलून, चार माणसांना पत्ता विचारून आणि तीन जिने चढून ते लेकीच्या दाराशी पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. सव्वा वाजता निघायलाच हवं होतं. दार उघडलं टिटवीच्या मैत्रिणीने. तीही नर्सच, दुपारपाळीला निघालेली, बूट हातात.

"काका ना? या, या. ती झोपलीय. उठवू?"

"नको, नको!" भट्टीवाले कुजबुजले. "पाळीवरून आलीय ती."

"अहो, पण तुम्ही भेटायलाच आलात ना?"

"उठेल आपोआप. मी बसतो."

मैत्रिणीने एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं आणि बूट चढवले. "जाताना दार नुसतं ओढून घ्या," म्हणून निघून गेली.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. वेणीत पांढरे केस दिसत होते, ते दोन वर्षांपूर्वी नव्हते. बापाला गलबलून आलं. तिच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून त्यांनी दाराची मूठ फिरवून धरली आणि कडीचा टक्क आवाज न करता दार लावून घेतलं. ही कला रात्रपाळीच्या घरांतच शिकायला मिळते.

मग ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. नळ ठिबकत होता, त्याखाली फडकं ठेवलं. खोकला आला, तो रुमालात दाबला. बारा वाजले. ते दारापाशी गेले, हात वर केला आणि परत आले. साडेबाराला पुन्हा तेच. लेक एका हाकेवर होती, हाक मारायलाच हा माणूस इतक्या लांबून आला होता, आणि बसला होता मूग गिळून. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. एकला ते तिसऱ्यांदा गेले. आत पलंग करकरला. त्यांनी श्वास रोखला. पुढे काहीच आवाज आला नाही. कूस बदलली असेल, असं समजून ते मागे फिरले.

सव्वा वाजता त्यांनी टेबलावर चिठ्ठी ठेवली, 'निघतो. झोप पुरी कर. जपून राहा.' ते तीन शब्द लिहिले नाहीत. असलं काही चिठ्ठीत लिहायचं नसतं, असं त्यांना वाटलं.

विमानतळावरची तपासणी उरकून ते बाकावर टेकले तोच फोन वाजला.

"पोचलात?"

"हो. तू गाढ झोपली होतीस, म्हटलं कशाला उगाच..."

"मी जागी होते."

भट्टीवाल्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"जिन्यात तुमची पावलं ऐकली तेव्हाच मैत्रिणीला म्हटलं, झोपलीय म्हणून सांग," टिटवी म्हणाली. "म्हटलं बघू, या वेळी तरी उठवतात का."

"अगं, मग एक हाक मारायचीस."

"मी मारायची? आईने सांगूनही तुम्ही मारली नव्हती." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "एक वाजता दारापाशी आलात ना, तेव्हा मी उठून बसले होते. केसही सारखे केले."

"टिटवे, बाळा..."

"जाऊ द्या, बाबा. रात्री ड्युटी आहे. आता खरंच झोपते."

फोन ठेवला गेला. विमानात बसायची रांग लागली होती. भट्टीवाल्यांनी घड्याळ पाहिलं. आत्ता कुठे पोरीचा डोळा लागत असेल, हे मनात आलंच. तरी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी झोपलेल्या माणसाला फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा वाजून थांबली. रांग पुढे सरकली, मागचा माणूस "आजोबा, चला" म्हणाला. त्यांनी तिसऱ्यांदा लावला, तेव्हा फोन बंद केलेला होता.