बिबे फोडणाऱ्या दगडाची तगमग

मी एक जुना काळा दगड आहे. मित्रांनो, मुळात मी काळा नव्हतो बरं! बालाघाटच्या डोंगरातला चांगला करडा धोंडा होतो. धारूरजवळच्या वस्तीत राहणाऱ्या भिवराबाईने मला उचलून ओसरीत मांडलं आणि माझ्यावर बिबे फोडायला घेतले. बिब्याच्या चिकाने मी असा माखलो, की पावसानेही धुतला जात नाही.

बिबा मोठा लबाड. आत गोडंबी; तिच्यात तेल भरपूर, प्रथिनं भरपूर, म्हणून बाळंतिणीच्या लाडवात तिचा मान. टरफलात मात्र जहाल चीक. अंगाला लागला की कातडी भाजते, फोड येतात. त्याला उतणं म्हणतात. काजू याचाच भाऊबंद, त्याच्याही टरफलात असलंच तेल. पण तो सोलून बरणीत बसतो आणि साळसूद दिसतो.

भिवराबाई हातांना राख चोळून बिबे फोडते. केदारनाथ शेटजी गोडंबी घेऊन जातात, तिची तारीफही करतात. हातांकडे कुणी बघत नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही.

तिची लेक अंजू बाळंत झाली, तेव्हाही लाडवाची गोडंबी माझ्यावरच फुटली. पण नातीला, शिवानीला, आजीने कधी जवळ घेतलं नाही. परवा अंजू माहेरी आली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "माय, एकदा तरी घे की लेकराला."

"हाताला चीक हाय. लेकरू उतलं म्हंजी?"

तेव्हापासून मला चैन नाही. शिवानी आता रांगते. आज सकाळी ती थेट माझ्याकडे निघाली. माझ्यावर ताजा चीक चकाकत होता. मला ओरडता येईना, सरकता येईना. दगडाचा जन्म मेला! तिचा हात माझ्यावर पडणार, तोच भिवराबाईने दोरीवरचं धुतलेलं लुगडं ओढलं, हातांना गुंडाळलं आणि पोरीला उचललं. पोर हसली. आजी मात्र ढसाढसा रडली.

मग तिने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. उद्या पुन्हा सरळ करावंच लागेल.

मित्रांनो, लाडवातली गोडंबी खुशाल खा. फक्त फोडणारीला हातमोजे मिळाले का, एवढं विचारा. आजीने शिवानीला उचललं खरं. पण आजीचा हात तिला अजून लागलेला नाही.