साध्या माणसासाठी एक जागा

"हात आवर," बसमधून उतरताना हे मला म्हणाले. "आत गेल्यावर हात अजिबात हलवायचे नाहीत. कळलं ना?"

"कळलं," मी म्हणाले. म्हणता म्हणता माझी दोन बोटं आपोआप जुळली.

"हे बघ! आत्ताच सांगतोय!"

दोघंही हसलो.

समोरच्या इमारतीत निवड समिती बसली होती. साध्या नागरिकाला अंतराळात नेण्याची ती योजना आता कुणाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. वैमानिक नको, शास्त्रज्ञ नको. यानात एक जागा साध्या माणसासाठी, असं जाहीर झालं होतं. गवंड्यापासून नर्सपर्यंत लाखांनी अर्ज केले. चाळण्या लागत लागत शेवटी नऊ जण उरले. त्यांत आमचे हे होते. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावरचे मेकॅनिक, वय एक्कावन्न.

आणि ह्यांना ऐकू येत नव्हतं.

तीस वर्षं तीन मोटारींच्या मधे उभं राहिल्यावर कुणाचे कान शाबूत राहतील? डावा पार गेला होता, उजव्यात जेमतेम काही उरलं होतं. पण ही गोष्ट आमच्या घरात कधी कुणी बोलून दाखवली नाही. कामावर कळलं असतं तर ह्यांना पंपावरून काढून टेबलाशी बसवलं असतं. टेबलाशी हा माणूस महिनाभरात वाळून गेला असता, असं मला वाटायचं. मोटार कुरकुरली की हे लांब पेचकसाचं टोक तिला टेकवायचे आणि मूठ दातांत धरायचे. ह्यांना हाडांतून कळायचं. नवे इंजिनियर तोंडाकडे बघत उभे राहायचे. हे पेचकस काढून म्हणायचे, "मागचं बेअरिंग. आठ दिवस काढील, नववा नाही."

लग्नानंतर मी डबा घेऊन पंपावर जायचे. तिथं घसा फोडूनही उपयोग नसायचा, म्हणून आमची बोटांची भाषा झाली. दोन बोटं जुळवली की कळलं. अंगठा खांद्याकडे नेला की घरी. हनुवटीला चिमटा म्हणजे लेक, कारण तिच्या हनुवटीला खळी आहे. पंपावरची भाषा हळूहळू घरात आली. लोकांना वाटायचं, बाईला हातवारे करत बोलायची खोड आहे. नणंद म्हणायची, "वहिनीचे हात बांधले ना, तर मुकी होईल ती!"

अर्ज ह्यांनी मला न सांगताच भरला होता. पहिल्या चाळणीचं पत्र आलं तेव्हा कळलं.

"पन्नाशी उलटली," मी म्हणाले. "आता हे काय खूळ?"

ह्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "तिथं बाहेर हवाच नाही म्हणे. म्हणजे आवाज पण नाही. कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे सारखेच."

आणि लगेच, "भाजीत मीठ कमी पडलंय का आज?"

तेवढंच. त्यापेक्षा जवळ हे त्या गोष्टीच्या कधी गेले नाहीत.

गल्लीत चेष्टा सुरू झाली. कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, "काका, वर गेलात की खाली बघून सांगा, आमच्या नळाचं पाणी कुठं मुरतंय ते." नणंद तर तोंडावरच म्हणाली, "घरातला नळ वर्षभर गळतोय आणि दादा निघाला आकाशात! हातचं सोडून पळत्याच्या पाठी!" हे सगळ्यांच्या ओठांकडे बघत हसायचे. ओठ दिसले की ह्यांना बहुतेक सगळं कळायचं.

कानांच्या तपासणीतून हे पार पडले ते कसं, ते मलाच ठाऊक. बारीक शिट्टी वाजली की बोट वर करायचं होतं. बटण दाबणारी मुलगी ह्यांच्या पाठीमागे बसली होती, पण समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. काचेत तिचा खांदा हलला की ह्यांचं बोट वर. घरी येऊन मला सांगताना शाळकरी मुलासारखे खुदकन हसले.

आता उरली होती फक्त मुलाखत. घरच्या एका माणसाला बरोबर घेऊन. कुणाचे ओठ दिसले नाहीत तर "जरा पुन्हा सांगता का?" असं म्हणायचं ठरलं होतं. तसं म्हटलं की समोरचा मान वर करतोच. हे वाक्य ह्यांनी आरशासमोर इतकं घोकलं होतं, की मला झोपेतही ऐकू यायचं.

आत तिघं होते. दोन पुरुष, आणि टोकाला एक पिकल्या केसांच्या बाई.

"भीती नाही वाटत?" पहिल्यानं विचारलं.

"साहेब, कमरेला दोर बांधून टाकीच्या तळाशी उतरलोय, काळोखात. वर निदान उजेड तरी असेल!"

तिघंही मनापासून हसले. दुसऱ्यानं पंपाबद्दल विचारलं, आणि ह्यांची जी गाडी सुटली, की तो लिहायचं विसरून ऐकतच राहिला. त्यांचे चेहरे बघून मला कळून चुकलं. हे जाणार.

मग तो दुसरा माझ्याकडे वळला. "बाई, प्रशिक्षण अठरा महिन्यांचं आहे. तेवढ्यात दोनदा भेट होईल. तुमची काही हरकत?"

"नाही," मी म्हणाले.

लेक परमुलखात दिलेली. घरात आम्ही दोघंच. अठरा महिने मी कुणाशी बोलणार होते? आणि परत नाहीच आले तर?

तेवढ्यात टोकाच्या बाईंनी फाईल चेहऱ्यासमोर धरली आणि तिच्याआडून विचारलं, "मुलगी कुठं असते तुमची?"

हे जरा पुढे झुकले. ओठ उघडले. "जरा पुन्हा" जिभेवर आलेलं मी पाहिलं. आणि माझा हात वर गेला. हनुवटीला चिमटा, मग उताणा पंजा: लेक, कुठं?

"मुलगी लांब असते, मॅडम," हे म्हणाले.

बाईंनी फाईल खाली केली. "काय खुणावलंत तुम्ही ह्यांना?"

"काही नाही. सवय आहे मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. मग फाईल पुन्हा वर धरली आणि शांतपणे विचारलं, "डोळ्यांवर ऊन येतंय का? पडदा ओढू?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात आता हलत नव्हते.

"लांब असते, मॅडम," हे म्हणाले. "वर्षातून एकदा येते."

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सवय ती. तीस वर्षांची. तुझा काय दोष?"

मी मान हलवली. सगळे तेच म्हणाले. मीही तेच म्हणत आले. पण हात वर जाण्याआधी थोडा वेळ होता. दूध उतू जाताना गॅस बंद करायला लागतो, तेवढा.

समितीचा शेरा कामावर पोचला. महिन्याभरात ह्यांना टेबलाशी बसवलं. महिनाभरात काही हे वाळले नाहीत. नऊ वर्षं लागली.

यानात पोस्टमनचं काम करणारी एक बाई गेली. उड्डाणाच्या दिवशी टीव्हीसमोर हे मला हौसेनं सांगत होते, "खाली बघ, तिथं पंपच आहेत. इंधन रेटतात. पंपाशिवाय काही हलत नाही!" ती बाई हात हलवत आत गेली, तेव्हा ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

पुढे कानाचं यंत्र आलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. लोक ह्यांच्याशी ओरडून बोलू लागले, आणि आमची बोटं हळूहळू थांबली. बोलायला तरी काय होतं? जेवायला वाढू का, दार लावलं का.

ह्यांच्या शेवटच्या आजारपणात, एका दुपारी, नर्सनं यंत्र काढून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. हे डोळे मिटून पडले होते. मी खुर्ची जवळ ओढली आणि बोलले. अगदी नेहमीच्या आवाजात, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ऐकू जाईल असं.

"त्या दिवशी मला हात आवरता आला असता. मी आवरला नाही. तुम्ही गेला असतात, आणि मी एकटी राहिले असते."

म्हातारीनं कूस बदलली. ह्यांनी डोळे उघडले. माझं तोंड नुकतंच मिटलेलं त्यांना दिसलं असावं.

"काही म्हणालीस?"

हे माझ्या हातांकडे बघत होते. कितीतरी वर्षांनी, वाट बघत.

मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला दोन्ही हातांनी धरून त्यांच्या ओठांशी नेला. हे सावकाश, एकेक घोट घेत प्यायले. पेला रिकामा झाला, तरी मी तो दोन्ही हातांत तसाच धरून बसले होते.