माझा दिवा लागणार नाही

मी स्क्रोल लॉकच्या कळीखालचा स्विच बोलतोय. ही कळ कशासाठी असते ते विचारू नका, कुणालाच ठाऊक नसतं. कीबोर्डावरचं हे काळं पाणीच. पण मी जन्मापासून इथला नाही. मी स्पेसबारखाली होतो, मधल्या लांब कळीखाली; दर शब्दानंतर माझी गरज पडायची. मला इथे कुणी धाडलं ते सांगतो, आणि राग न लपवता सांगतो.

मी टकटक वाजणाऱ्या जातीचा. अंगात एक बारीक तार, कळ दाबली की ती वाजते आणि बोटाला कळतं, काम झालं. शेजारी घट्ट मिटलेली डबी, तिच्यात दोन पितळी पत्रे; ते एकमेकांना टेकले की कळ उमटते. ती डबी उघडायची नसते. वैष्णवी माझी मालकीण. तिच्या मामेभावाने, पियूषने, आम्हाला, म्हणजे अख्ख्या कीबोर्डाला, पुण्याहून जबलपूरला तिच्याकडे पाठवलं. एका सरकारी कार्यालयात टायपिस्टची एक जागा निघाली होती आणि परीक्षेला आपापला कीबोर्ड न्यायची मुभा होती. नेपियर टाउनच्या टायपिंग क्लासहून आली की वैष्णवी तास-दोन तास सराव करायची. अंगठा हलका, माझ्या टकटकीवर लय बसलेली. ती मला आवडायची, हे आधीच सांगून ठेवतो.

तिचे वडील शरच्चंद्र खमरियाच्या कारखान्यातले निवृत्त फिटर. खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडून पूजायची हा त्यांचा नेम. यंदा पाना, पक्कड, कानस यांच्या शेजारी आम्हालाही बसवलं. स्पेसबारवर ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढली, अक्षता टाकल्या, वर फुलाने पाणी शिंपडलं. सगळं फटीतून माझ्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी मी अडकलो.

वैष्णवी क्लासला गेली होती. ती यायच्या आत दुरुस्त करू म्हणून त्यांनी मला उपटून हातात घेतलं. असला स्विच त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. चारदा दाबून पाहिला, कानाशी धरला. मी वाजलो, आणि तिथेच घात झाला. पस्तीस वर्षं त्यांचा कान एकच गोष्ट शिकला होता: यंत्र वाजलं म्हणजे ढिलं झालं. त्यांनी पकडीने माझी तार चपटी केली, सुईने डबी उचकटली आणि आत शिवणयंत्राचं तेल ओतलं. कुंकू, हळद आणि तेलाचा लगदा पत्र्यांवर बसला. मी मुका झालो.

"आवाज काहून गेला, बाबा?" वैष्णवीने आल्या आल्या विचारलं.

"ढिला होता, टाइट करून दिला. चायना माल आहे, बेटा."

पूजेचं नाव नाही, तेलाचं नाव नाही. माझं वाटोळं करून वर माझीच जात काढली. तेव्हाच ठरवलं, या म्हाताऱ्याचं खोटं याच्याच घरात उघडं पाडीन.

मग मी एकदा दाबलं की दोनदा उमटू लागलो. दोन शब्दांमध्ये दुहेरी मोकळी जागा, आणि अशी प्रत्येक जागा म्हणजे एक चूक. लगदा कारण होताच, पण खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा येत होती. चुका दिसल्या की हे कबूल करतील असं वाटलं. ते तिच्या मागे उभे राहून बघत होते. म्हणाले काय, तर, "तुझा अंगठाच जड पडून राहिला."

तिने विश्वास ठेवला. बापावर नाही ठेवायचा तर कुणावर? ती अंगठा उचलून उचलून दाबू लागली आणि होती ती लयही गेली. दिवाळीनंतर परीक्षेला मलाच घेऊन गेली. मी तिथेही दोनदा उमटलो. सूड डोक्यात शिरला की अंगठा कुणाचा आहे ते दिसत नाही. चालतात त्यापेक्षा पाच चुका जास्त झाल्या आणि जागा दुसऱ्या कुणाला गेली.

घरी येऊन तिने मला उपटलं आणि वहीच्या पानावर उघडलं. पानावर तेलाचा डाग पसरला, मधोमध लाल लगदा आणि अक्षतेचा एक कण. शरच्चंद्र समोरच चहा पीत होते.

"बाबा, पूजेचं कुंकू याच्या पोटात कसं गेलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मीच खोललं होतं. मला वाटलं, मशीन म्हणजे मशीन, सबको तेल चाहिए." मग म्हणाले, "अंगठा बरोबर होता तुझा."

हेच मला ऐकायचं होतं. पण ते परीक्षेच्या आधी.

स्क्रोल लॉकचा धडधाकट स्विच वैष्णवीने स्पेसबारखाली बसवला आणि मला त्याच्या जागी इथे. पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा सराव सुरू आहे. बापलेकीत आता कामापुरतंच बोलणं होतं.

तुम्हीही हत्यारं पूजत असाल. जरूर पूजा, फूल वाहा, पण जे समजत नाही ते उचकटू नका, आणि उचकटलंत तर सांगा.

ती क्लासला गेली की शरच्चंद्र येऊन माझ्यावर बोट ठेवतात. माझी कळ एकदा दाबली की कोपऱ्यातला छोटा दिवा लागायला हवा. मी दोनदा उमटतो, दिवा लागतो तसा विझतो. ते पुन्हा दाबतात. परवा हळूच म्हणाले, "आता तरी लाग रे."

ज्या दिवशी ती पहिल्यासारखी "बाबा" म्हणून हाक मारत घरात येईल, त्या दिवशी बघू. तोवर दाबत राहा, शरच्चंद्र.